धुतलेला बेल

सोमवारी बेल तोडू नये. माझ्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. का तोडू नये, असं विचारल्यावर ते एवढंच म्हणाले की झाडालाही एक दिवस सुट्टी लागते. पुढं पोथ्यांमधली कारणं ऐकली, ती बरीच मोठी होती, पण मला अजून वडिलांचंच पटतं. एकतीस वर्षं मी लातूरच्या सरकारी बागांमध्ये माळी म्हणून काढली आणि त्या एकतीस वर्षांत माझ्या सुट्ट्या कुणी ना कुणी खाल्ल्या. त्यामुळं झाडाची बाजू मला लवकर कळते. माणसांची कळायला वेळ लागतो. माझा स्वभाव किरकिरा आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य होतं.

निवृत्त झाल्यावर गावभागातल्या गुडीच्या महादेवाच्या देवस्थानानं मला त्यांच्या बेलवनावर ठेवून घेतलं. बेलवन हा शब्द नवा आहे. आधी त्याला मागचं आवार म्हणायचे. बावीस झाडं, त्यातली सात माझ्या आज्याच्या वेळची, बाकीची मी स्वतः लावलेली. देऊळ तसं आमच्या पेठेतल्या लिंगायत दुकानदारांचं. शटर उघडण्याआधी येऊन, ‘शरणार्थ’ असा नमस्कार करून, घरून आणलेली दोन पानं वाहून माणूस कामाला लागायचा. बेल विकत घ्यायचा तो विसरभोळ्या माणसांनी. त्यांच्यासाठी माझी धाकटी बहीण जगदेवी तिसऱ्या पायरीवर एक टोपली घेऊन बसायची. नवरा गेल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, ती त्याच पायरीवर बसत होती.

चार वर्षांपूर्वी बस यायला लागल्या. नांदेडला गुरुद्वाऱ्याला देशभरातून माणसं येतात, दोन-तीन दिवस राहतात, आणि मग त्यांना आणखी काहीतरी बघायचं असतं. नांदेडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं एका दिवसाची सहल काढली: सकाळी निघायचं, लोहा, अहमदपूर करत लातूरला यायचं, गुडीचा महादेव बघायचा, जेवायचं, बाजार करायचा आणि संध्याकाळी परत. आमच्या देवळाला त्यानं फोनवरच्या जाहिरातीत काय काय महिमा चिकटवला देव जाणे. पहिल्या श्रावणात तीन बस आल्या. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी चाळीस.

खोटं कशाला बोलू, गावाचं बरं झालं. बंद पडलेल्या दोन दुकानांत खानावळी निघाल्या. आमच्या गल्लीतली पोरं बॅटरीची रिक्षा चालवायला लागली. जगदेवीच्या घरी फ्रीज आला आणि तिनं पहिल्यांदा स्वतःच्या मनानं एक साडी घेतली. मी कुरकुर केली की ती म्हणायची, तुला माणसं आलेली बघवत नाहीत. ते खरंच होतं. मला माणसं आलेली बघवत नव्हती, कारण प्रत्येक माणूस पूजेचं ताट घेऊन येत होता आणि प्रत्येक ताटात एकशे आठ पानं होती. दोन पानांच्या देवाला एकशे आठ पानं लावायची कल्पना कुणाची, हे मी शोधून काढलं नाही. शोधून उपयोग नव्हता.

देवस्थानाचे सचिव अमरनाथअप्पा. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, कुणाचं लुबाडणारा तर अजिबात नाही. पण त्यांना गावाचं नाव मोठं करायचं होतं, आणि नाव मोठं करायची घाई असलेल्या माणसाला थांब म्हणणं फार अवघड असतं. त्यांनी देऊळ ‘हरित तीर्थ’ नावाच्या मानांकनासाठी उभं केलं. ते मिळालं की शहर पर्यटनाच्या नकाशावर येणार, निधी येणार, आणि हे सगळं पर्यावरण सांभाळून होणार, असं ते सभेत सांगायचे. मग खत करायचं यंत्र आलं. सौर दिवे आले. कापडी पिशवी वापरा, असा एक बोर्ड आला आणि तो प्लास्टिकचा होता. मी ते दाखवलं तेव्हा अप्पा हसले आणि म्हणाले, “गुंडप्पा, तुम्हाला फक्त उणं दिसतं.”

उणं मला झाडांवर दिसत होतं. गेला श्रावण संपेपर्यंत माझी बावीसच्या बावीस झाडं ओरबाडून निघाली होती. देवळाला बेल पुरवणाऱ्या कंत्राटदाराची माणसं सोमवारी पहाटे कोयते घेऊन यायची. मी आडवा गेलो, सोमवारचं सांगितलं. अप्पा म्हणाले, बाहेरगावच्या लोकांना सोमवारचं कुठं ठाऊक असतं. आता झाडाला ठाऊक असतं, असं उत्तर मी कसं देणार? आमचा बेल पुरेना म्हणून लोह्याहून, मुरुडहून, निलंग्याकडून पोत्यानं बेल यायला लागला. पानं नव्हे, आख्ख्या फांद्या. त्या आल्या तशा वाहिल्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी नऊ पोती निर्माल्य व्हायचं. बेलाचं पान जाड, लवकर कुजत नाही. त्या यंत्राच्या पोटात ते जसंच्या तसं फिरत राहायचं. मग ती पोती टेम्पोतून गावाबाहेर जायची. कुठं, ते मानांकनासाठी पाठवलेल्या अहवालात लिहिलेलं नव्हतं.

यंदा आषाढात त्या मानांकनवाल्यांनी नांदेडला माळ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. मला पाठवलं. मोठ्या लॉजच्या गार हॉलमध्ये एका तरुणानं आम्हाला पडद्यावर झाडं दाखवली. शहर वाढलं पाहिजे आणि झाडंही वाढली पाहिजेत, असं तो म्हणाला, आणि ते ऐकायला चांगलंच वाटलं. खिडकीतून मला खाली सहलीच्या बस भरताना दिसत होत्या. माणसं उत्साहात होती, म्हाताऱ्यांना हात धरून चढवत होती. त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. मला तेच जास्त थकवून गेलं. कुणाचा तरी राग येता तर बरं झालं असतं.

परतताना मी लोह्याला एसटीतून उतरलो. तिथं किशनराव म्हणून शेतकरी आहेत, त्यांच्या बांधावर शंभर वर्षांचा बेल होता. पूर्वी दुष्काळात आमच्या देवळाला त्यांच्याकडून बेल यायचा, तेव्हापासूनची ओळख. बांधावर गेलो तर झाड उभं होतं, पण नुसतं खोड आणि तोडलेल्या फांद्यांचे बुडखे. दोन पाऊस होऊनही एक कोंब नव्हता. मी नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवं नव्हतं.

किशनराव माझ्या मागं उभे होते. म्हणाले, “फांद्या न्ह्या म्हणलो होतो. झाड न्ह्या म्हणलो नव्हतो.” मग म्हणाले, “तुमच्याकडं देव लई मोठा झालाय म्हणं.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच विचारत होते, आणि मी मान खाली घालून हाव म्हणालो.

लोह्याहून लातूरच्या बसमध्ये मला वडिलांची सोमवारची पूजा आठवली. आमच्याकडं रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा असते. सोमवारी झाड तोडायचं नाही, मग त्या दिवशी बेल कुठला? वडील रविवारी वाहिलेली तीन पानं उतरवून तीन पाण्यांत धुवायचे आणि सोमवारी तीच पुन्हा वाहायचे. उन्हाळ्यात तर तेच पान आठवडाभर चालायचं. फुलाचं तसं चालत नाही, फूल एकदा वाहिलं की संपलं, बेलाचं चालतं. आम्हा पोरांना हे इतकं रोजचं होतं की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही.

लातूरला उतरून मी आधी देवळाच्या पुजाऱ्यांकडं, वीरेश स्वामींकडं गेलो. त्यांना विचारलं, देवळात असं चालेल का. स्वामी मांडी घालून निवांत बसले होते. म्हणाले, न चालायला काय झालं, शास्त्रातच आहे. पान अखंड असावं, किडकं नसावं, धुऊन कितीदा वाहिलं तरी देव विटत नाही. मी त्यांच्या पाया पडलो आणि तसाच जगदेवीकडं गेलो. तिला किशनरावांचं झाड सांगितलं, वडिलांच्या पूजेची आठवण करून दिली. तिला पटायला दोन मिनिटं लागली नाहीत. अप्पांना सांगायचं का, असं तिनंच विचारलं. मी म्हणालो, सांगितलं की ते सभा घेतील, सभा घेतली की उपसमिती नेमतील, आणि तोवर श्रावण जाईल. हा माझा शहाणपणा. अप्पांना न सांगायचं माझ्या डोक्यातून निघालं, तिच्या नाही.

मग आमचं काम सुरू झालं. सकाळी पिंडीवरचं निर्माल्य उतरलं की जगदेवी मागच्या आवारात तीन घमेली मांडायची. पहिल्या पाण्यात कुंकू-भस्म सुटायचं, दुसऱ्यात चिकटपणा, तिसऱ्यात पान पुन्हा पानासारखं दिसायचं. फाटकी, डागाळलेली पानं खताला. चांगली ओल्या फडक्यावर. धुतलेलं पाणी मी झाडांच्या आळ्यांत ओतायचो, कारण आजूबाजूच्या नव्या लॉजांनी बोअर पाडून पाडून देवळाची बोअर अर्ध्यावर आणली होती आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. पायरीवर ती दोन टोपल्या ठेवायची. पाटीवर खडूनं लिहायची: ताजा बेल, धुतलेला बेल. धुतलेला अर्ध्या किमतीत. ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं त्यांना ती आमच्या दखनी हिंदीत सांगायची की कल का चढाया हुवा है, तीन पानी से धोया है, चलता है हमारे में. पेठेतल्या म्हाताऱ्या बायका मुद्दाम धुतलेला मागायला लागल्या. एक जण म्हणाली, माझी सासू असंच करायची, मी विसरूनच गेले होते.

सहा आठवड्यांत बाहेरून येणारी पोती निम्म्यावर आली. कंत्राटदाराची माणसं कोयते घेऊन आवारात यायची थांबली, कारण गरजच उरली नाही. माझी झाडं फुटली. आज्याच्या वेळच्या झाडांनाही खालपासून पालवी आली. मी एकटाच असताना त्यांच्याकडं बघत बसायचो. आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगायचा नव्हता म्हणून तो मोठा वाटत होता. अप्पांनीही एकदा आवारात चक्कर मारली, खूश झाले, आणि निर्माल्याची पोती नवावरून चारावर आली हे खताच्या यंत्राच्या नावावर लिहून टाकलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी बसमधल्या एका बाईनं मागच्या आवारात येऊन फोनवर चित्रण केलं. जगदेवी निर्माल्याच्या टोपलीतून पानं उचलतेय, घमेल्यात बुडवतेय, फडक्यावर मांडतेय, आणि तीच टोपली पायरीवर. एक मिनिटाचं चित्रण. देवाचा उतरवलेला बेल भाविकांना विकतात, लातूरला लुटतात, असं त्यावर लिहिलं होतं. पाटी चित्रणात नव्हती, जगदेवीचं सांगणंही नव्हतं. त्या बाईनं मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. बसचा गाईड चाळीस मिनिटांत सगळं उरका म्हणून ओरडत असतो, कुणाला ऐकायला वेळ असतो? संध्याकाळपर्यंत ते नांदेडच्या लॉजांमध्ये फिरलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला की प्रवासी म्हणतात, लातूर गाळा. आणि शुक्रवारी मानांकनाची तपासणी होती.

बुधवारी सभामंडपात बैठक झाली. विश्वस्त, खानावळवाले, लॉजवाले, रिक्षावाली पोरं, पेठेतले दुकानदार. चाळीस तरी माणसं असतील. सगळे घाबरलेले होते आणि घाबरलेली माणसं मोठ्यानं बोलतात. जगदेवी खांबाला टेकून उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही. मी तिच्यासमोर, पण दुसऱ्या टोकाला बसलो होतो.

अप्पांनी आधी स्वामींना विचारलं की असा बेल चालतो का. मला वाटलं, झालं, सुटलो. स्वामींनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, शास्त्रात दोन्ही मतं आहेत. शिवाय देवळाचं आणि घरचं वेगळं. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. जगदेवीला विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, मी लपवून काही केलं नाही, सांगून विकलं, आणि ही आमच्या घरची रीत आहे. कुणीतरी मागून म्हणालं, घरची रीत घरी ठेवायची. हशा झाला. उष्टा बेल हा शब्द तिथंच पहिल्यांदा कुणीतरी काढला.

मग अप्पा माझ्याकडं वळले. “गुंडप्पा, तुम्ही दिवसभर आवारातच असता. तुम्हाला हे ठाऊक होतं का?”

त्या क्षणी मनात काय आलं ते मी अनेकदा आठवून बघितलंय. नोकरी जाईल हे आलं. आवारातली खोली जाईल हे आलं. मी तिथंच राहतो. पण सगळ्यात जास्त आला तो कंटाळा. चाळीस माणसांसमोर वडिलांची पूजा, सोमवार, किशनरावांचं झाड, हे सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि ते मधेच तोडणार, हसणार, मी चिडणार. मला ते नको झालं. मला लवकर घरी जायचं होतं. एवढ्याशा कारणासाठी मी ते केलं, आणि हे सांगताना मला माझी लाज वाटते.

मी म्हणालो, “न्हाई. मला ठाऊक नव्हतं.”

जगदेवीनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. मला बरं नाहीये की काय, असं बघावं तसं तिनं बघितलं. मी नजर फिरवली. अप्पांनी तिची पायरी बंद केल्याचं सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि माणसांमधून वाट काढत निघून गेली. चौदा वर्षांची पायरी दोन मिनिटांत गेली. अप्पांनी लगेच फोनवर माफीचं निवेदन टाकलं: संबंधित महिलेला हटवण्यात आलं आहे. खाली शंभर जणांनी हात जोडले. त्या दिवसापासून मी तिच्या गल्लीतून गेलो नाही, लांबच्या रस्त्यानं दूध आणायला लागलो.

शुक्रवारी तपासणीला मंजुषा मॅडम आल्या. पन्नाशीच्या, प्रवासानं दमलेल्या. चप्पल काढून आवारात अनवाणी फिरल्या, म्हणून मला बऱ्या वाटल्या. खताचं यंत्र बघितलं, दिवे बघितले, रिक्षा बघितल्या. मग बेलवनात आल्या आणि एक फांदी खाली ओढून पानं उलटीपालटी करून बघायला लागल्या. झाडं कळणारी बाई आहे हे लगेच समजलं.

“इतकी माणसं रोज बेल वाहतात, मग ही झाडं इतकी भरलेली कशी?” त्यांनी विचारलं. अप्पा म्हणाले, ठिबक आणि सेंद्रिय खत. मॅडमनी आळ्यांकडं बघितलं. ठिबकची नळी चार महिन्यांपूर्वीच उंदरांनी खाल्ली होती. त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. अप्पांच्या देखत सगळं सांगितलं. आणि हे माझ्या बहिणीला मी शिकवलं, तिला काढून टाकलं ते चुकीचं झालं, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हेही सांगितलं. बोलताना कंटाळा आला नाही. ऐकणारं माणूस समोर असलं की येत नसावा. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. पोती किती होती, किती झाली, घमेली किती, पाणी कुठं जायचं, एवढंच विचारलं. अप्पा मोबाईल हातात घेऊन नुसते उभे होते.

“अहवालात हे का नाही?” मॅडमनी विचारलं. मग त्या स्वतःच हातातले कागद चाळत म्हणाल्या, “आणि असतं तरी मी हे कशात लिहिलं असतं? इथं यंत्रं किती, रोपं किती, गाड्या किती, एवढंच विचारलंय. काय काय वाचवलं, ते कुणी विचारलेलंच नाही.” त्यांनी कागदाच्या बाजूच्या कोऱ्या जागेत बराच वेळ काहीतरी लिहिलं, मला नमस्कार केला आणि गाडीत बसल्या.

दहा दिवसांनी मानांकन आलं, वरून दुसऱ्या श्रेणीचं. पेढे वाटले. बस परत सुरू झाल्या, आधीपेक्षा जास्त. अप्पांनी मला काढलं नाही. फक्त म्हणाले, त्या दिवशी बोललात ते तिथंच राहू द्या, आता गाव सावरलंय. पायरीवर नवा बोर्ड लागला: येथे फक्त ताजा बेल मिळेल. कोयते आवारात परत आले. सोमवारीही आले. मी पाण्याची झारी घेऊन बाजूला उभा राहिलो, कारण आडवं जायची सवय माझी मीच मोडून घेतली होती.

त्या सोमवारी संध्याकाळी मी जगदेवीकडं गेलो. ती दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं पाणी आणून दिलं, खुशाली विचारली. मी तिला शुक्रवारचं सगळं सांगितलं. मॅडमना खरं सांगितलं, अप्पा समोर उभे असताना सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं, हे मी दोन-तीनदा तरी म्हणालो. खरं म्हणजे मला तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. बरं केलंस, एवढंच म्हणाली असती तर मी सुखानं झोपलो असतो.

तिनं विचारलं, तिथं कोण कोण होतं. मी मोजून सांगितलं: मॅडम, अप्पा, त्यांचा ड्रायव्हर.

तिनं सुपातले दोन खडे काढून बाजूला टाकले. “देवळात चाळीस माणसं होती, अण्णा. मीबी होते. तिथं तू न्हाई म्हणलास. हाव म्हणलास ते झाडापाशी, मी नसताना.”

मी म्हणालो की उद्याच जातो, पेठेत एकेकाला सांगतो, सभा बोलवायला लावतो. ती ऐकत होती, हात चालूच होते.

“सांग की,” ती म्हणाली. “आता परवा मी भाजी आणायला गेले, तर शिवप्पाच्या सुनेनं माझ्या हातची कोथिंबीर परत ठेवली. बाई, तुम्ही शिवलेली नको म्हणली. तिला सांग. सगळ्यांला सांग. पण माझ्यासाठी सांगून राहिलो म्हणू नको. तू तुझ्यासाठी सांगून राहिलास.”

ती उठली, सूप आत ठेवलं आणि जेवून जा म्हणाली. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी पाटावर बसलो. तिनं भाकरी वाढली, वरून पातळ डाळ वाढली, लहानपणी वाढायची तशी आधी मला आणि मग स्वतःला. ती वाढत राहिली आणि मी खात राहिलो.